छापील तेवढंच वाचणारं यंत्र

मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून एक यंत्र बनवलं होतं. साबणाच्या वडीएवढं, सहज खिशात मावणारं. छापील कागदावर धरून बटण दाबलं की ते मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचं. मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, सगळं. नजर अधू झालेल्या माणसांसाठी होतं ते. हैदराबादेत तारनाक्याला एका दवाखान्याच्या वरची खोली घेऊन आम्ही तीन वर्षं त्यामागे लागलो होतो. एका प्रदर्शनात मांडलं तेव्हा लोकांनी गर्दी केली, टाळ्या वाजवल्या. आता बाजारात न्यायचाच अवकाश, असं आम्हाला वाटलं.

अफझलगंजात काठ्या, भिंगं, रक्तदाब मोजायची यंत्रं विकणारं एक जुनं दुकान आहे. तिथल्या वयस्कर चाचांनी आमची काही यंत्रं विकायला ठेवून घेतली. ती गेलीही. पण महिन्याभरात बरीचशी परत आली, आणि त्यातलं एकही बिघडलेलं नव्हतं.

"मग लोकांना नक्की काय पायजे?" मी जरा चिडूनच विचारलं.

चाचा शांतपणे म्हणाले, "मशीन अच्छा है बेटा. मगर लोगां के हातां काँपते ना. तुमारा हात नै काँपता. आठ रोज इधर बैठो, देखो."

मी बसले. यंत्र विकत घ्यायला यायची मुलं, वापरायचे आईवडील. मुलं दुकानात एकदा करून बघत, खूश होत, घरी देऊन आपापल्या गावी परत जात. आईवडिलांचा हात थरथरला की यंत्र अर्धी ओळ वाचून थांबायचं. आम्ही ते नेहमी टेबलावर सपाट पसरलेल्या कागदावर तपासलेलं. इथे लोक औषधाच्या खोक्यातला घडी पडलेला चिटोरा घेऊन यायचे. एका आजोबांना तर चार्जरची पिन कुठे घालायची तेच दिसेना. अधू नजरेच्या माणसासाठी बनवलेल्या यंत्राचं भोक आम्ही तांदळाच्या दाण्याएवढं ठेवलं होतं!

हे सगळं सुधारता आलं असतं. पण तोवर आम्ही दुसरं मॉडेल काढलं होतं, आणि पहिल्याच्या तक्रारी ऐकायच्या सोडून त्याला रेडिओ जोडला होता. त्यातच एक दिवस दुकानात एका मुलीने स्वतःचा फोन वडिलांच्या गोळ्यांच्या पाकिटावर धरला आणि फोनने नाव वाचलं. फुकट. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला.

कंपनी बंद केली. मैत्रिणीने नोकरी धरली. आमच्यात भांडण झालं नाही याचं मला अजून नवल वाटतं. "आपण वाईट काम केलं नाही, घाईनं केलं," एवढंच ती म्हणाली.

ज्यांनी यंत्र परत केलं नव्हतं त्यांना, पुढे दुरुस्ती होणार नाही, हे आपण स्वतः जाऊन सांगायचं असं मी ठरवलं. त्यात मलकपेठेत एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या मराठी घरातल्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"चालतंय तोवर चालवीन," बाई म्हणाल्या. "पण एक काम याला कधीच जमलं नाही." त्यांनी कपाटातून पत्रांचा गठ्ठा आणला. त्यांची बहीण नांदेडला असते. तिला ऐकू येत नाही, म्हणून फोन निरुपयोगी. यांना दिसत नाही. बहीण पत्रं पाठवत राहिलेली, आणि आमचं यंत्र हातानं लिहिलेल्या अक्षरापुढे मुकं.

"तुला तर वाचता येत असेल ना?"

मी वरचं पत्र उघडलं. घरी मराठी बोलत असले तरी माझं शिक्षण इंग्रजी आणि तेलुगूत झालेलं. चार भाषा वाचणारं यंत्र बनवणारी मी, मराठी मात्र अक्षराला अक्षर लावत वाचायची. पहिली ओळच मी तीनदा अडखळून वाचली.

"हौ, हौ, घाई नक्को," बाई हसल्या. "जोडाक्षर आलं की थांब. मग बोल."

मी दर रविवारी जाऊ लागले. पत्रांत जोंधळ्याची रास, जावेची बाळंतीण सून, गुडघ्यांचं दुखणं. मी वाचायची, बाई ऐकता ऐकता माझे उच्चार दुरुस्त करायच्या. शब्द अडला तर अर्थ सांगायच्या, कधी पत्र बाजूला ठेवून त्यामागची सगळी हकिगत. सहा महिन्यांत मी सलग वाचू लागले. मग त्या म्हणाल्या, "आता उत्तरं लिही."

सध्या मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्यांकडे काम करते. नवीन काही बनवायचं निघालं की आधी आठ दिवस दुकानात बसू द्या म्हणते. चाचांचं नाव न घेता त्यांचंच बोलणं सांगते. पण यंत्र खपलं असतं तर मी मलकपेठेत बाईंच्या घराचा जिना कधी चढले असते, कोण जाणे.

गेल्या महिन्यात नांदेडहून पत्र आलं. मीच वाचून दाखवत होते. मधेच बहिणीने लिहिलं होतं, "तुझी पत्रं हल्ली कोण लिहितं गं? अक्षर गचाळ आहे, पण मी विचारलेलं काही गाळत नाही. जे कुणी असेल त्याला एकदा घेऊन ये."

बाई म्हणाल्या, "तिकिटं काढ."