पाच हजार चारशे सेकंद

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी टेबलावर डोकं ठेवलंय. फक्त पाच मिनिटं, असं स्वतःला बजावून. शनिवार आहे, ऑफिसात माझ्याशिवाय कुणी नाही. चारला माझी फाइल कारखान्यात जायची आहे. तिथे सहाशे यंत्रं तिच्यासाठी खोळंबलीत. ऑक्सिजनची यंत्रं, घरी वापरायची, खांद्याला अडकवून बाहेरही नेता येतील अशी. बॅटरी अजून किती वेळ पुरेल हे त्यांच्या पडद्यावर दिसतं, आणि ते दाखवणारा कोड माझा आहे. शेजारी डबा उघडाच आहे. शेंगदाण्याचे दोन लाडू तसेच राहिलेत.

पंखा फिरतोय. आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो. हाताला मुंग्या येतायत, पण हात काढायचं जिवावर आलंय.

समोरची खुर्ची सरकते. कुलथे अण्णा बसलेत. चष्म्याची दोरी गळ्यात, खिशात दोन बॉलपेनं. अण्णा एप्रिलमध्ये गेले, झोपेतच. मी त्यांच्या दहाव्याला रामकुंडावर गेले होते. हे मला आत्ताही पक्कं ठाऊक आहे, तरी मी विचारते, "अण्णा, चहा झाला?"

"चहाचं राहू दे," अण्णा म्हणतात. "माझी तक्रार बंद केलीस ना, वैजू?"

आमच्याकडे अण्णा टेस्टर होते. आम्ही केलेल्या कामात खोट काढायची, याचाच त्यांना पगार. फेब्रुवारीत त्यांनी लिहिलं होतं, "दीड तास उरलेला असताना यंत्र दोन तास दाखवतं. हे बघून कुणीतरी घराबाहेर पडेल." मी खाली उत्तर लिहिलं, "फरक दाखवण्यापुरता आहे, बदल नको." आणि दिली बंद करून.

त्याचं असं झालं. फाइल केवढी आहे हे बाइटमध्ये सांगितलं तर कुणाला काही कळत नाही. म्हणून एक हजार चोवीसने भागत त्याचे केबी करायचे, एमबी करायचे आणि गोल आकडा दाखवायचा, अर्धा भरला तर वरचा, नाहीतर खालचा. हा कोड मी पूर्वीच लिहिला होता, छान चालत होता. यंत्राला सेकंदांचे तास करून हवे होते, तेव्हा मी तोच उचलला. एक हजार चोवीसच्या जागी साठ घातले, एमबीच्या जागी तास लिहिलं, दहा मिनिटांत काम फत्ते. दीड एमबीची फाइल दोनची दिसली तर कुणाचं काही बिघडत नाही. मला तेव्हा माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

"वेळच नव्हता हो अण्णा," मी म्हणते.

"किती नव्हता?"

खुर्ची हलते, टेबल हलतं, खिडकीतून उसाचे फड मागे पळतायत. आम्ही एसटीत बसलोय. डोक्यावर ऑफिसच्याच ट्यूबलाइट आहेत. दिंडोरी मागे गेली. अण्णांच्या मांडीवर आमचं यंत्र आहे, त्यातून निघालेली नळी त्यांच्या नाकाला लावलीय. जिवंतपणी त्यांना साधा दमासुद्धा नव्हता.

"लेकीकडे चाललोय, कळवणला," ते म्हणतात. "पावणेदोन तास लागतात इथून. हे बघ, दोन म्हणतंय. निवांत पोचतो."

पडद्यावर ठळक लिहिलंय, २ तास. पण मला आतले सेकंद दिसतायत. पाच हजार चारशे वीस. एकोणीस. अठरा. हा तर दीडच तास आहे! मी सांगायला तोंड उघडते.

"अण्णा, पाच हजार चारशे बारा!"

"काय?"

"पाच हजार चारशे दहा! उतरा, पाच हजार चारशे नऊ!"

"अगं, माणसाला कळेल असं बोल ना."

मला तेच तर करायचंय. तो शब्द मला येतो. मी तो रोज वापरते, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी. तो जिभेवर यायच्या आत त्याचे आकडे होऊन बाहेर पडतात. मी घंटीची दोरी ओढते, ती हातात सैल येत राहते, संपतच नाही. पुढे ड्रायव्हरच्या जागी कुणी नाही. चार. तीन. दोन. एक. पाच हजार चारशे.

मग त्याच्या पुढचा सेकंद जातो आणि पडदा बदलतो. १ तास.

अण्णा चष्मा पुसून पुन्हा बघतात. "वैजू, आत्ता दोन होते. माझा एक तास गेला कुठं गं?"

बसमधली माणसं एकेक करून मागे वळतात. सगळ्यांच्या नाकाला नळ्या आहेत, सगळ्यांच्या मांडीवर एकेक यंत्र. एक बाई आपला पडदा मला दाखवते, अगदी शांतपणे. कुणीच ओरडत नाही, हे जास्त भयंकर आहे. मला रडू फुटतं. मी म्हणते, "अण्णा, माझं चुकलं," पण ऐकू येतं ते पाच हजार तीनशे ऐंशी.

अण्णांचा श्वास तोकडा झालाय. तरी ते माझ्या मांडीवरच्या डब्यात हात घालतात. त्यांना साखर होती, म्हणून ऑफिसात ते नेहमी अर्धाच लाडू घ्यायचे. दोन बोटांनी मधोमध मोडायचे, कण न सांडता. आताही तसाच मोडतात, अर्धा तोंडात टाकतात, अर्धा डब्यात परत ठेवतात.

"दोन होते," खाता खाता म्हणतात. "आता किती राहिले?"

मी डब्यात बघते.

"दीड," मी म्हणते.

"येतंय की मग तुला," अण्णा म्हणतात, आणि दोरी ओढतात.

घंटी वाजते. टेबलावर माझा फोन वाजतोय. सव्वातीन झालेत. साहेब.

"वैजयंती, फाइल पाठवलीस?"

"नाही. आज चारला जाणार नाही ती."

"अगं, तिकडे माणसं ओव्हरटाइमला थांबवलीत! आता काय निघालं?"

"बॅटरीचा वेळ चुकीचा दाखवतोय. आता नाही निघालेलं, साहेब. फेब्रुवारीपासून मला माहीत आहे. कुलथे अण्णांनी लिहून दिलं होतं, मीच बंद केलं."

 

"किती वेळ लागेल?"

"दीड तास."

"म्हणजे दोन सांगू त्यांना?"

"नाही साहेब. दीड सांगा."

ते फोन ठेवतात. सोमवारी माझी चंपी होणार, होऊ दे. मी अण्णांची तक्रार शोधून काढते आणि पुन्हा उघडते. त्यांच्या नावापुढे अजून खातं चालू असल्याचा हिरवा ठिपका आहे, तो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं.

कीबोर्डला जागा व्हावी म्हणून मी डबा बाजूला सारते आणि हात तिथेच थांबतो. एक लाडू आख्खा आहे. दुसरा अर्धा, मधोमध मोडलेला, आणि टेबलावर एक कणही सांडलेला नाही.

मी जीभ दातांवरून फिरवते. दाण्याची चव नाही.