खाचांची पट्टी

पेपरमिंटच्या वासाने नौपाड्यातलं औषधांचं दुकान आठवतं. डिप्लोमानंतर मी तिथे ट्रेनिंगला होते.

दर सोमवारी जोगळेकरबाई नवऱ्याच्या औषधाची रिकामी बाटली आणायच्या. मालककाका हळूच म्हणाले, "नवरा कधीच गेला. नुसतं पेपरमिंटचं पाणी भर. बाटलीवर डोस मोजायच्या खाचांची कागदी पट्टी मात्र नीट चिकटव, त्या बघतात."

एकदा माझ्याकडून पेपरमिंट जास्त पडलं. मी कुणाला बोलले नाही. पुढच्या सोमवारी बाई म्हणाल्या, "अगं, हे म्हणाले, औषध फार झोंबलं."

त्या स्वतःच पीत असणार, अशी मी मनाची समजूत घातली. काकांनी माझ्या ट्रेनिंगच्या फॉर्मवर 'कामास तयार' लिहिलं.

माझे हे जाऊन आता वर्ष झालं. मीही पट्टी चिकटवून बाटली भरते. सोमवारी ती रिकामी असते, आणि मी त्यातला थेंबही घेत नाही.