फाळक्याच्या आत

गाडी भरून झाली की ते मागचा फाळका लावायचे आणि त्यावरून तळहात फिरवायचे. बाहेर आलेलं काही हाताला लागलं, की संपलंच. "कापा, नायतर मोठी गाडी करा," म्हणायचे आणि शेजारच्या टपरीवर चहाला जाऊन बसायचे.

माझ्याकडे वेल्डिंग करणाऱ्या मोहन्याचे हे काका कल्याणच्या नाक्यावर पिकअप लावत. माझं डोंबिवलीत ग्रिल-दरवाज्यांचं वर्कशॉप. लोखंडी पाइप वीस फुटी येतो, पिकअपचा हौदा त्याच्या निम्मा. उरलेला पाइप कसा जातो, ते तुम्हीही रस्त्यावर पाहिलं असेल: मागे लटकत, टोकाला लाल फडकं. त्या फडक्यावर आपला सगळ्यांचा केवढा विश्वास!

एका नवरात्रात टेंभी नाक्याजवळच्या मंडळाची कमान माझ्याकडे होती. पाइप भरायला घेतले, तर काका आडवे.

"अहो काका, फडकं बांधलंय ना?"

"फडकं बांधलं म्हणून गाडी लांब होते काय? मागं, पुढं, बाजूला, माल बाहेर नाय काढायचा. कायदा हाय."

"अख्खं ठाणं असंच नेतं."

"नेऊ दे."

पाइप कापला तर जोड मारावा लागणार आणि जोड दिसणार. मी चिडून दुसरी गाडी केली. बाकीचेही माझ्यासारखेच. हळूहळू लोखंडवाल्यांनी त्यांना हाक मारणंच सोडलं. घर त्या एका गाडीवर चालत होतं आणि गाडी दिवसचे दिवस रिकामी उभी. तरी हा गृहस्थ रोज सकाळी ती धुऊनपुसून नाक्यावर हजर! कामाशिवाय मेला असता, पण फाळका उघडा ठेवून निघाला नसता.

यांच्या हातून कधीतरी कुणी गेलं असणार, असं नाक्यावर बोललं जायचं. एकदा मी विचारलंच. ते भडकले.

"कुणी मेल्यावरच शानपन यायला पायजे काय? माज्या मागं मोटरसायकलवाला येतो, त्याचं तोंड मला आरशात दिसतं. तेवढं पुरे."

मी हरलो, दुसरं काय! पुढे मी मापं आधीच घेऊन जायला लागलो आणि पाइप बाजारातच कापून त्यांच्या गाडीत भरू लागलो. माझं पाहून आणखी दोघे-तिघे आले. तेव्हापासून काका चहाचे पैसे मला देऊ देईनात.

यंदा होळीनंतर ते गेले, झोपेतच. तिरडीचे बांबू आणायला मी वखारीत गेलो. टेम्पोवाल्याने लांबच्या लांब बांबू टाकले आणि सवयीने मागे लाल फडकंही बांधलं.

"कापा," मी म्हणालो.

"दादा, तिकडं गेल्यावर कापायचेच हायेत की. मयताचं सामान, कोण अडवणार?"

"कापा, नायतर मोठी गाडी करा."

माझा आवाज चढला होता. त्याने करवत आणली. बांबू आत बसले. मी फाळका लावला, त्यावरून तळहात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही, आणि मग मला रडू आवरेना.