सतरा नंबरच्या बायका

परीक्षा तीन तासांत संपते, तिच्या गोष्टी मात्र वर्षानुवर्षं वाढत राहतात. आम्ही पाचजणींनी संसार सांभाळून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून मॅट्रिक दिली त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी नाशिकच्या बाजारात दोघी भेटलो की पिशव्या खाली ठेवून तेच सुरू होतं. त्यातही निम्मे किस्से कौसल्याताईंचे.

कौसल्याताई बालवाडीत आया होत्या. मॅट्रिक झाल्या तर त्याच बालवाडीत शिक्षिका होणार होत्या. आम्ही बाकीच्या हौसेनं शिकत होतो, त्यांना मात्र पास व्हायचंच होतं.

आमचा वर्ग दुपारी, वसाहतीतल्या विहारात भरायचा. शिकवायला नलिनीबाई. वय बावीस! कौसल्याताईंची थोरली मुलगी त्यांच्याहून वर्षानं मोठी. बाई आल्या की आम्ही उठून उभ्या राहायचो आणि बाई लाजून लाल व्हायच्या. एकदा म्हणाल्या, मला अहो-जाहो करू नका. कौसल्याताई म्हणाल्या, "आधी तुम्ही आम्हाला 'अगं' म्हणून बघा. जमलं तर आम्हीपण बघू."

बाईंना काही ते जमलं नाही.

एकदा बाईंनी रजेचा अर्ज लिहून आणायला सांगितला. सरावासाठी. कौसल्याताईंनी लिहिलं, 'माझ्या धाकट्या मुलीस बघायला पाहुणे येणार असल्याने मला एक दिवसाची रजा मिळावी.' अर्ज बिनचूक होता. खाली मात्र 'पालकाची सही' म्हणून सासूबाईंचा अंगठा!

बाईंनी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, नियम तो नियम. घरात आमच्यापेक्षा मोठं कोण आहे दुसरं?

भूमितीच्या तासाला त्यांचा कंपास घरी राहिला. त्यांनी हातातली बांगडी काढली, वहीवर ठेवली आणि पेन्सिल फिरवली. वर्तुळ आमच्या सगळ्यांपेक्षा सुबक. बाईंनी त्रिज्या विचारली.

"बांगडी सव्वादोनची आहे. निम्मं तुम्ही करा, बाई."

परीक्षेच्या पहिल्या दिवशी माझा आणि कौसल्याताईंचा नंबर एकाच हॉलमध्ये आला. बाकी सगळी शाळेची मुलं. नऊवारी नेसलेल्या कौसल्याताई दारातून आत शिरल्या आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला. ताई मात्र बालवाडीच्या सवयीनं म्हणाल्या, "बसा. आवाज नको." मुलं गपकन बसली. मग ताई शांतपणे तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या आणि शाई तपासू लागल्या. मागून आलेले सुपरवायझर म्हणाले, इतका शहाणा वर्ग मी पाहिला नाही.

त्या मार्चला मी सुटले. ताई गणितात राहिल्या, अठ्ठावीस मार्क. ऑक्टोबरला पुन्हा बसल्या, एकतीस. बालवाडीतून निरोप आला की जागा फार दिवस अडवून ठेवता येणार नाही. त्या रात्री ताईंनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. सकाळी सासूबाईंनी ती खाली काढून चुलीपाशी ठेवली. "एका साली वांगी किडली म्हणून वाफा मोडीत नसतात," एवढंच बोलल्या आणि भाजीची पाटी उचलून बाजाराला गेल्या.

ताई तिसऱ्यांदा बसल्या. निकालाला मी बरोबर होते. शाळेच्या ऑफिसातून मार्कशीट मिळालं, पण त्या काही ते बघेनात. म्हणाल्या, तूच वाच. मी गणिताची ओळ वाचली, खालची 'उत्तीर्ण' वाचली, आणि आम्ही दोघी तडक नदीकाठच्या बाजारात गेलो.

सासूबाई गिऱ्हाइकाला मेथी देत होत्या. मीच पुढे होऊन सांगितलं, आत्याबाई, सूनबाई पास झाल्या.

म्हातारीनं जुडी तशीच हातात धरली.

"गणितात बी?"

"हो, गणितात पण."

"किती लागत व्हते?"

"पस्तीस."

"अन् हिनं आणले किती?"

"छत्तीस."

म्हातारी उठली. पदर सारखा केला आणि भाजीवाल्यांच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऐकलं का गं बायांनो? पस्तीसच लागत व्हते. माझ्या सुनेनं एक जास्तीचा आणला!"