चार पांडव आणि एक जावई

चहाचा कप आधी खाली ठेवा, मगच सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता! अशी शोभा माझी झाली, तीही सासुरवाडीत, सगळ्या भावकीदेखत.

मी मुखेडला मास्तर. घरात देव्हारा नाही. बायकोचं नि माझं लग्नाआधीच ठरलेलं, लेकराला पूजाअर्चा नको, देवाची भीती नको. पण जगाकडे बघून त्याच्या तोंडाचा आ झाला पाहिजे. म्हणून आमच्या सहा वर्षांच्या रेवाला एकच नेम. रोज पाच मिनिटं काहीतरी गप्प बघायचं. मुंगी, पान, चहाची वाफ, काहीही. बघताना बोलायचं मात्र नाही.

सासरे, म्हणजे आमचे मामा, शिरूर अनंतपाळकडचे शेतकरी. त्यांना हे बिलकुल मंजूर नव्हतं.

"जावईबापू, देव न्हाई, आरती न्हाई, मग लेकरू हात कुणाला जोडणार? ह्या येळवशीला बगतो. पोरीत भाव दिसला न्हाई, तर उन्हाळाभर माज्याकडंच ठिवून घेतो. मी शिकवतो!"

दोन महिने रेवा नाही? घर खायला उठेल हो!

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आमच्याकडे सगळं गाव शेतात असतं. मामांच्या शेतात बोरीखाली पाच दगड वर्षभर जागच्या जागी असतात. ते पाच पांडव. त्या दिवशी त्यांना चुना लावायचा, वर कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा करायची आणि मग शेंगभाज्यांची भज्जी नि ताकातली आंबील. मामांनी सकाळीच चुना लावला आणि ते कडबा आणायला गेले.

मी तिथून फोनवर बोलत चाललो होतो. बसायला काहीतरी हवं होतं. बोलता बोलताच एक सपाट दगड उचलला, लांब बांधावर नेऊन टाकला आणि बसलो. भावकीतली चार माणसं गाठली आणि त्यांना सुरू केलं, लेकरांना 'बघायला' कसं शिकवावं!

तेवढ्यात बोरीखाली आरडाओरडा.

"पांडव चारच कसे?" मामा.

"अगं बाई, भीम कुटं गेला?" मामी.

"कुत्र्यानं न्हेला का?"

"कुत्रं दगड कशाला न्हेतंय?"

मी बसल्या जागेवरून ओरडलो, "मामा, नीट बघा, सापडेल! लोक बघतच नाहीत हो!"

होय, हे मीच बोललो. त्याच्यावर बसून.

मग सगळं एकदम शांत झालं. मी उठून पळत गेलो. भीमाच्या रिकाम्या जागेपाशी रेवा गुडघे टेकून, वाकून बसली होती. मामांचा आवाज खाली आला. "पोरगी पाया पडायली बगा." मामींनी डोळ्यांना पदर लावला.

"मी नाही शिकवलं हे!" म्हणत मीही वाकलो.

खळग्यात मातीच्याच रंगाचा एक बेडूक होता. डोळे मिटलेले. फक्त गळा हलत होता, वर, खाली. मामा गुडघ्यावर आले, मामी आल्या. ज्वारीची पानं तेवढी वाजत होती. चाळीस वर्षं मामा त्या दगडाला चुना लावत आलेले, पण त्याच्याखाली कुणी श्वास घेतंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. खरं सांगतो, माझ्या तोंडाचा असा आ आजवर कधी झाला नव्हता.

मामांनी हळूच हात जोडले. भीमाला की बेडकाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पाच मिनिटं झाली आणि रेवा बोलली. "पप्पा, ह्याचं घर तुमी उचलून न्हेलं. मी बघितलं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"बघताना बोलायचं न्हाई ना!"

मामांनी स्वतः बांधावरून दगड आणला आणि बेडकाला धक्का न लावता जागेवर ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"पोरीला ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. लई भाव हाय तिच्यात."

मी फुललो! छाती अशी वर आली!

"उन्हाळ्यात तुमीच या, जावईबापू. शिकवायचं तुमाला हाय. आन् आदी ते मागचं झटका."

मी मागे हात नेला. निळ्या पँटवर अख्खा भीम उमटला होता!