स्वेनच्या चुकीचा केक

विबेके टोर्पने चष्मा कपाळावर सरकवला की ऑफिसातल्या लोकांनी ओळखावं, बाई आता वाचायला बसली, हाक मारू नये. लांबचं बघायला तिला चष्मा लागे, जवळचं मात्र उघड्या डोळ्यांनीच नीट दिसे. मग ती पडद्याच्या इतकी जवळ जाई की शेजारच्या टेबलावरचा मोगेन्स म्हणे, "अगं, वास घेतेस की वाचतेस?"

"तुझ्या कामाचा वास लांबूनच येतो," ती मान न वळवता म्हणे.

स्वेनबोर्गच्या बंदरावरून वर चढणाऱ्या रस्त्यावर, पूर्वी जिथे गलबतांची शिडं शिवत त्या माळ्यावर, सात माणसांचं हे ऑफिस होतं. आसपासच्या नगरपालिका म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवतात. कोणी कोणाकडे कधी जायचं, कोणाला अंघोळ घालायची, कोणाच्या पायांत सुजेवरचे घट्ट मोजे चढवायचे, कोणाच्या डोळ्यांत थेंब घालायचे, याचा आठवड्याचा तक्ता लावणारा प्रोग्रॅम इथे बनत असे. तो तक्ता छापून म्हाताऱ्यांच्या फ्रिजवर लागे. विबेकेच्या शेजारच्या होल्गरच्या फ्रिजवरही होता. होल्गर नव्वदीच्या घरात, एकटा, आणि तोंडाचा फटकळ. "तुमच्या त्या कागदावरची अक्षरं मुंग्यांसाठी आहेत का?" असं त्याने तिला कुंपणावरून अनेकदा ऐकवलं होतं.

कितीतरी वर्षं विबेकेने बाकीच्यांबरोबर हा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. आता लिहायचं काम यंत्राकडे गेलं होतं आणि तिच्याकडे वाचायचं उरलं होतं. यंत्राचं नाव मोगेन्सने ठेवलं, स्वेन. त्यांच्या भाषेत उमेदवारी संपवलेल्या, पण अजून उस्ताद न झालेल्या कारागिराला स्वेन म्हणतात. शिवाय गल्लोगल्ली स्वेन नावाचे पुरुष आहेतच, त्यामुळे ऑफिसात एक माणूस वाढल्यासारखं झालं. स्वेनला काम सांगायचं, तो ते निमिषात करी आणि काय काय बदललं ते मांडून दाखवी. काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी. प्रत्येक बदलाखाली दोन लहान बटणं, ठेवा, म्हणजे बदल मान्य, आणि टाका, म्हणजे नामंजूर. आणि सगळ्यांच्या वर एक मोठं, ठळक बटण, सगळं ठेवा.

बाकीचे ते मोठं बटण दाबत. विबेकेने ते एकदाही दाबलं नव्हतं. चपट्या माशाचे काटे काढताना ती जसं बोटाचं टोक मांसावरून फिरवत पुढे जाई, तशी ती एकेका बदलावरून जाई. ठेवा. ठेवा. टाका. पुन्हा ठेवा. स्वेनवर तिचा राग नव्हता. उलट त्याने एखादी गुंतागुंतीची गोष्ट दोन ओळींत बसवली की ती बाजूला "सुरेख" असं लिहीत असे.

"यंत्राला शाबासकी?" मोगेन्स हसे.

"सवय आहे माझी. तुलाही दिली असती, पण तशी वेळ आली नाही."

या ऑफिसात चुकीबद्दल कोणी कोणाला रागवत नसे. तिथल्या पुष्कळ ऑफिसांत असते तशीच रीत इथेही होती. ज्याच्या हातून घोटाळा झाला त्याने दुसऱ्या दिवशी केक आणायचा. केक खाल्ला की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. स्वेन आल्यावर मात्र पेच पडला. त्याच्या पहिल्या चुकीवर जेवणाच्या टेबलाशी मोठा वाद झाला. स्वेनकडे ओव्हन नाही, असं मोगेन्सचं म्हणणं. शेवटी ठरलं की ज्याने "ठेवा" दाबलं, केक त्याचा. त्यानंतर मोगेन्सने इतके केक आणले की बेकरीवाली त्याला नावाने ओळखू लागली. विबेकेने एकही आणला नव्हता. ऑफिसची मालकीण लिसबेट म्हणे, "तुझ्या हातचा केक खायला मिळत नाही, एवढीच माझी तुझ्याबद्दल तक्रार आहे."

पण तेवढीच तक्रार नव्हती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लिसबेट खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. तशी ती बसली की विबेकेला काळजी वाटे, कारण चांगली बातमी लिसबेट उभ्यानेच सांगायची.

"विबेके, स्वेनचं काम सकाळी होतं आणि तुझ्यापाशी तीन-तीन दिवस पडून राहतं."

"पडून नाही राहत. मी वाचत असते."

"तेच ते. नगरपालिकावाले मला फोन करतात. आपल्याकडे चाचण्या आहेत ना? प्रोग्रॅम स्वतःच स्वतःला तपासतो. चाचण्या पास झाल्या की सगळं एकदम ठेवायचं. शेवटी मंजुरी तुझ्याच नावाने जाईल."

"न वाचता माझं नाव?"

"वाच की! वरवर वाच."

"वरवर मला वाचता येत नाही गं."

लिसबेटने सुस्कारा टाकला. ती वाईट बाई नव्हती. विबेकेचा नवरा गेला तेव्हा तिने महिनाभर रोज संध्याकाळी तिला घरापर्यंत सोडलं होतं. "बरं," ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत बघू. चाचण्यांतून निसटलेलं काही तुझ्या वाचण्यात सापडलं तर तुझी पद्धत राहील. नाही सापडलं तर मोठं बटण. चालेल?"

विबेके "चालेल" म्हणाली, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. नोकरी जाणार नव्हती. जे वाचलं नाही त्याखाली आपलं नाव घालायचं, हे मात्र तिला कोणाच्या तरी पत्रावर परस्पर सही ठोकण्यासारखं वाटत होतं.

महिना सरत आला. तिने बारीकसारीक पुष्कळ काढलं, पण सगळं असं, की चाचण्यांनीही पकडलंच असतं. मग शेवटच्या आठवड्यात मोगेन्सने स्वेनला तक्त्यावरची अक्षरं मोठी करायला सांगितलं. होल्गरसारख्या अनेकांच्या तक्रारी आल्या होत्या. स्वेनने अक्षरं मोठी केली आणि जाता जाता आजूबाजूची झाडलोटही केली. कुठे नाव सुटसुटीत केलं, कुठे दोनदा लिहिलेलं एकदा केलं, कुठे नको असलेली तपासणी काढली. बारक्या बदलांची भलीमोठी रांग झाली. चाचण्या सगळ्या हिरव्या.

विबेके चष्मा कपाळावर घेऊन बसली. बदल चांगले होते. ठेवा. ठेवा. ठेवा. दोन ठिकाणी तिने "सुरेख" लिहिलं. ठेवा. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती दुपारी नगरपालिकांकडे जायची होती, लिसबेट काचेपलीकडून दोनदा बघून गेली होती. ठेवा. ठेवा. जेवणाच्या वेळेपर्यंत रांग संपली आणि तिने मंजुरी दिली.

टेबलाशी मोगेन्स काळ्या पावावर मुरवलेला हेरिंग मासा रचत बसला होता. "यंदा नाताळात आम्ही दोघंच," तो सांगत होता. "मुलगी सासरी जाणार. आमच्याकडे त्रेपन्नला येणार म्हणते, नातवाला घेऊन."

तिकडे सगळेच असे बोलतात. सुट्टी आठवडा बेचाळीसला, दाताचा डॉक्टर सत्तेचाळीसला. महिना-तारीख विचारली तर माणसं कॅलेंडर शोधू लागतात, आठवड्याचा आकडा मात्र तोंडावर असतो. तेव्हा मोगेन्सच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. पण विबेकेचा घास तोंडातच राहिला.

"कधी येणार म्हणालास?"

"त्रेपन्नला. का गं? वर्षाचा शेवटचा आठवडा. यंदा त्रेपन्न आहेत ना."

यंदा त्रेपन्न आहेत. एरवी वर्षाला आठवडे बावन्न असतात. पाच-सहा वर्षांनी एखादं वर्ष त्रेपन्न आठवड्यांचं येतं. आणि विबेकेच्या डोळ्यांसमोर एक लाल ओळ उभी राहिली, रांगेच्या मध्याच्या जरा पुढची. या वर्षाला त्रेपन्नावा आठवडा आहे का, एवढंच ती ओळ विचारत असे. स्वेनने ती काढली होती आणि खाली कारण दिलं होतं, या तपासणीची गरज दिसत नाही. चाचण्यांमध्ये अलीकडची वर्षं होती, सगळी बावन्नची. त्यांना ती ओळ असली काय, नसली काय, सारखीच. आणि विबेकेने ती वाचली होती. वाचून, "ठेवा" दाबलं होतं.

बावन्न संपला की तक्ता सरळ नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यावर उडी मारणार. मधल्या सात दिवसांत कोणी कोणाकडे जायचं, ते कुठेच लिहिलेलं नसणार. कदाचित नगरपालिकेतल्या कोणाच्या लक्षात आलंही असतं. पण नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधले ते दिवस, अर्धं गाव सुट्टीवर, आणि होल्गर पलंगाच्या कडेला बसून मोजे चढवायला कोण येतंय त्याची वाट बघतोय.

ती उठली. "मासा तरी संपव," मोगेन्स म्हणाला. तिने ऐकलं नाही.

आवृत्ती अजून गेलेली नव्हती. तिने ती थांबवली, बदल उघडला, लाल ओळ परत जागेवर आणली. याहून चहा ओतायलाही जास्त वेळ लागला असता. मग हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

कोणी पाहिलं नव्हतं. लिसबेटला हवं होतं तेच नेमकं आता हातात होतं, चाचण्यांतून निसटलेली खरीखुरी चूक. आत जाऊन "सापडली" एवढंच म्हणायचं. ते खोटंही झालं नसतं. केव्हा सापडली आणि कशी, हे कोण विचारणार होतं? आणि खरं सांगावं, तर लिसबेट म्हणणार, अगं, तू ओळ न ओळ वाचलीस आणि तरी ती गेलीच की. मग ते तीन-तीन दिवस कशासाठी?

तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि लिसबेटच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आवृत्ती मी थांबवली आहे. स्वेनने त्रेपन्नावा आठवडा काढून टाकला होता."

लिसबेटने मान वर केली. तिला क्षणात कळलं, चेहरा उतरला आणि मग उजळला. "आणि चाचण्यांना कळलं नाही? विबेके! म्हणजे तुझ्या वाचण्यात सापडलं!"

"नाही," विबेके म्हणाली. "वाचताना मी ते ठेवलं होतं. रांगेत सगळं चांगलं चाललं होतं, हात नुसता ठेवा-ठेवा करत गेला. सापडलं ते जेवताना, मोगेन्स नातवाबद्दल बोलत होता तेव्हा. उद्याचा केक माझा."

मोगेन्स पावाचा तुकडा हातात घेऊन मागोमाग आला होता. "थांबा थांबा," तो म्हणाला. "ती ओळ मीच लिहिली होती! मागच्या त्रेपन्नच्या वर्षी माझाच घोटाळा झाला होता, आठवतंय? तेव्हा केकही मीच आणला होता."

"मग आज तो बदल बघून तू का नाही बोललास?" लिसबेटने विचारलं.

"मी कुठे बघितला? मी वाचलंच नाही. ती वाचते ना."

लिसबेट विबेकेकडे वळली. "आणि तुला जेवताना आठवलं कसं?" तिने विचारलं.

"वाचलं होतं म्हणून. मोठं बटण दाबलं असतं तर आठवायला काय होतं?" हे बोलताना विबेकेचा आवाज जरा चढला. मग ती स्वतःच ओशाळली. "पण ते वकिली बोलणं झालं. चुकले ते चुकलेच."

"केक आण," लिसबेट म्हणाली. "उपाशीपोटी मी काही ठरवत नसते."

दुसऱ्या दिवशी विबेकेने खोबऱ्याचा आणि काळ्या साखरेचा मोठा चौकोनी केक आणला, अजून कोमट. सगळे जमले. मोगेन्सने एक तुकडा बशीत घालून स्वेनच्या पडद्यासमोर ठेवला, थोडा वेळ थांबला, "नको म्हणतोय" असं सांगून स्वतः खाल्ला. लिसबेटने दोन तुकडे संपवले, बोटं पुसली आणि निकाल सांगितला. तारखा, वेळा, औषधं, जिथे चूक झाली तर कोणाच्या घरी कोणी पोचणार नाही, ते बदल विबेके एकेक करून वाचेल, लागतील तेवढे दिवस. मात्र सलग तासाभराच्या वर नाही, मध्ये उठून बंदरापर्यंत चक्कर मारायची. बाकीचं, म्हणजे रंग, अक्षरं, तक्त्याची मांडणी, ते मोठ्या बटणाने जाईल, आणि त्याखाली विबेकेचं नाव नसेल.

"मग कोणाचं?" मोगेन्सने विचारलं.

"तुझं."

"म्हणजे बेकरीवालीची चंगळ."

विबेके हसली खरी, पण आतून तिला लागलं. अर्धं काम गेलं होतं. तिने शिडांच्या माळ्याच्या खिडकीतून खाली बघितलं, बेटावरची बोट येत होती. मग जागेवर जाऊन तिने परत आणलेल्या त्या ओळीच्या डोक्यावर साध्या शब्दांत एक वाक्य लिहिलं: हा आठवडा खरोखर येतो, काढू नये. आणि चाचण्यांमध्ये यंदाचं वर्ष घालायला स्वेनला सांगितलं. त्याने ते बरोबर केलं. तिने वाचलं, ठेवलं आणि बाजूला "सुरेख" लिहिलं.

वर्ष संपता संपता बर्फ न पडता नुसताच गारठा पडला होता. विबेके उरलेल्या नाताळच्या बिस्किटांचा डबा घेऊन होल्गरकडे गेली. तो मोजे चढवून, केस विंचरून टेबलाशी बसला होता. फ्रिजवर नवा तक्ता होता, दारातूनही वाचता येईल अशा टपोऱ्या अक्षरांत. वर लिहिलं होतं, आठवडा ५३.

"आता दिसतं ना?" तिने विचारलं.

"दिसतं की," होल्गर म्हणाला. "आठ वाजता येणार असं लिहिलंय, तेही स्वच्छ दिसतं. पोरगी आली साडेआठला. हे पूर्वी मला कळत तरी नव्हतं."

त्याने डबा उघडला, सगळ्यांत मोठं बिस्किट निवडलं आणि तिच्यासाठी खुर्ची पायाने पुढे सरकवली.