पाय बाहेर, बाकीचा माणूस घरात

घरात उंदीर मेलाय म्हणून बायको दोन दिवस हुडकत होती. कोठी सरकवली, गोधड्या उन्हात टाकल्या, चुलीमागची लाकडं काढली. मी खाटेवर बसून हात दाखवत होतो. "त्या कोठीखाले देख बरं. उंदीर तठेच मरस."

वास माझ्या पायाचा येत होता. मला माहीत होतं.

त्याचं असं झालं. मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला. पथारी म्हणजे ओली मिरची वाळत घालायची मोकळी जागा, जिकडं बघाल तिकडं लाल. ट्रॉलीवरून सगळे टायरवर पाय ठेवून उतरतात. त्या दिवशी देठ खुडणाऱ्या बाया बघत होत्या, म्हणून मी उडी मारली. वयाचा इचार नाही केला. पाय पडला ताडपत्रीवर दाबायला ठेवलेल्या दगडावर. घोटा कडकन बोलला. बाया आधी हसल्या, मग उठल्या.

डॉक्टरनं प्लास्टर घातलं. घरी पडून राहा, पाय वर ठेवा, सांगितलं. मी चार दिवस राहिलो. पाचव्या दिवशी कुबडी घेऊन पथारीवर, बायांमधे देठ खुडायला. गप्पांशिवाय मला अन्न पचत नाही. मिरचीचं बी उडायचं, तेच्यातलं किती प्लास्टरमधे गेलं ते मला नंतर कळलं. आधी खाज, मग आग. मग मी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाळलेली काडी घेतली अन् आत घालून खाजवलं. असं सुख लग्नातही नव्हतं वाटलं. तिसऱ्या दिवशी काडी आतच मोडली. सांगायचं कोणाला? लाज वाटली. वास सुटला तसं उंदराचं नाव घेतलं.

प्लास्टर कापलं तेव्हा कापणारा माणूस तोंड फिरवून उभा राहिला. आत चामडी पांढरी, भिजलेल्या पोळीसारखी. घोट्याच्या वर खड्डा, पू, त्यात मिरचीचं बी अन् काडीचा तुकडा. डॉक्टरनं चिमट्यात धरून विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "पऱ्हाटी शे, साहेब." कोणी हसलं नाही. बायको दारात उभी होती. तिनं काडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. कोठी सरकवलेली तिला आठवली असावी.

हाड जुळलं, पण खड्डा भरेना. रोज निंबाच्या पाल्याचं पाणी उकळून ती पाय धुवायची, नाकाला पदर लावून. चिकटलेली पट्टी ओढताना तिच्या बोटाला पू लागायचा, अन् ती राखेनं हात घासायची, तीनतीनदा. माझी खाट ओट्यावर गेली. ते मी सोसलं. पण आम्ही लग्नापासून चुलीजवळ समोरासमोर जेवलो, ते बंद झालं याचं मला लई लागलं. एकदा मी हट्ट केला, तर ती म्हणाली, "पाय बाहेर ठेवा, बाकीना मानूस घरमा या."

तसाच जेवायला लागलो. उंबऱ्याच्या अलीकडं मी, पलीकडं पाय, त्याच्यावर माशा. येणारा जाणारा विचारायचा, दार लावताना पाय सापडला का? मी म्हणायचो, नाही, वाळत टाकलाय.

मग शहाणपणा सुचला. तिची पावडर अर्धा डबा पायावर ओतली. वास गेला नाही, पावडरीचाच मेला. त्या दिवशी ताट तिनं ओट्यावर सरकवलं अन् आतून दार लोटून घेतलं.

किती महिने गेले मोजले नाहीत. पथारीवरची मिरची उचलून झाली, माझा घोटा अजून वांग्यासारखा. एके दिवशी पट्टी सोडताना बघितलं, तिचा पदर खांद्यावरच होता. बोललो असतो तर काहीतरी वाकडंच निघालं असतं.

सांजच्याला मी नेहमीसारखा उंबऱ्यात बसलो, पाय बाहेर. तिनं भाकरी थापता थापता कोठी जरा सरकवली, जागा केली.

"पायबी मझार ली या," म्हणाली.

मी पायासकट आत आलो, चुलीजवळ तो लांबवला. ऊब लागली तसा वास वर आला. कमी झालेला, पण तोच. स्वतःच्याच पायाची इतकी किळस कधी आली नव्हती. तिच्याकडं बघितलं. ती मान खाली घालून जेवत होती, सावकाश. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. मला अर्धीच गेली.